पॅलेस्टाईनची काकडी

वडनेर
८ मार्च १९९४

मनोहर,

वर आशीर्वाद लिहिला नाही, तो विसरलो म्हणून नाही. मुद्दाम लिहिला नाही. धाकट्या भावाचा तो हक्क असतो, असे तुझ्या वहिनीचे म्हणणे आहे. असेल. या पत्रापुरता तो मी माझ्याजवळ ठेवून घेतो.

नत्थू परवा देवळीच्या बाजारात भाजी टाकून परत आला आणि ओसरीवर बसल्या बसल्या मला म्हणाला, "सदाशिवराव, तुमच्या भावाच्या घरी खराखुरा पॅलेस्टाईनवाला येऊन जेवून राह्यला." त्या 'खराखुरा'वर त्याने जोर दिला. मी त्याला चहा दिला नाही.

नंतर सगळे विचारून घेतले. तो पोरगा वर्ध्याला इंजिनियरिंग शिकतो. दोस्ताबरोबर देवळीच्या बाजारात आला होता. तुझा हर्षित काकडीच्या ढिगामागे उभा राहून ओरडत होता, "घ्या पॅलेस्टाईन, कवळी पॅलेस्टाईन!" आणि तो पोरगा भर बाजारात थबकून उभा राहिला. मागून हातगाडीवाला शिव्या देतो आहे तरी हलेना. मग ढिगाजवळ येऊन त्याने काकडी हातात घेतली आणि हर्षितला विचारले, हे नाव कोणी दिले. तुझ्या पोराने काय सांगितले? "आमच्या घरचं हाय." आमच्या घरचे! कोणत्या घरचे, मनोहर? युद्धावर कोण गेले होते? हैफाच्या डेपोत दोन उन्हाळे भाजीच्या पाट्या कोणी उचलल्या? मोज्यात बियाणे घालून, राख लावून, जहाजातून कोणी आणले? तू तेव्हा खडूने पाटी खरडत होतास.

वाटणीत तू आपला हिस्सा मला देऊन सासऱ्याच्या शेताजवळ देवळीला गेलास, त्याची तक्रार नाही. पण जाताना लुगड्याच्या फडक्यात ते बियाणे बांधून नेलेस, ते कोणाला विचारून नेलेस? बियाणे नेलेस, मागोमाग नाव गेले. आता त्या नावाचा माणूसही तुझ्याच ताटाशी येऊन बसला.

हे पत्र शालूकडून वाचून घेऊ नकोस. लेकीसमोर बापाची शोभा नको. चष्मा लावून स्वतः वाच. पोचले की नाही ते कळव, आमचा पोस्टमन हल्ली पत्रे किराण्याच्या दुकानात टाकून निघून जातो.

सदाशिव

वडनेर
२ एप्रिल १९९४

मनोहर,

तुझे कार्ड मिळाले. उघडे कार्ड पाठवलेस, म्हणजे इथे तीन माणसांनी माझ्याआधी वाचले.

तू लिहितोस की बियाणे आईने दिले. आई आता साक्षीला नाही, म्हणून तसे समजून चालतो. तू लिहितोस की पोराचे नाव मुनीर, तो गुणी आहे, तुझ्या कुंताबाईच्या हातचे वांग्याचे भरीत त्याला फार आवडते, तो तुला काका म्हणतो. आणि लिहितोस की, 'दादा, गंमत म्हणजे तो सांगतो, या काकडीला त्याच्याकडे फक्कूस म्हणतात.' गंमत? हे मी तुला सेहेचाळीस साली याच ओसरीवर सांगितले होते. तेव्हा तू पोट धरून हसलास आणि महिनाभर प्रत्येक गोष्टीला फक्कूस म्हणत हिंडलास. पोराने सांगितले तर ती माहिती झाली.

तू म्हणतोस नावाचे एवढे काय धरून बसता. तुला ते नाव सोपे मिळाले म्हणून असे वाटते. मी ते अठ्ठेचाळीस वर्षे अंगावर वागवतो आहे. आपल्याकडे जो जिथून येतो त्याला तेच नाव चिकटते. रंगूनहून आलेला मेला तरी रंगूनवालाच. मी परत आलो तेव्हा पॅलेस्टाईन म्हणजे युद्ध पाहून आलेला माणूस. लग्नाच्या पंगतीत मला पाटलाच्या शेजारी पाट मिळे. दोन वर्षांत पेपरात आले की तो देश राहिला नाही. तेव्हा तानबा आपल्या हॉटेलात सगळ्यांदेखत म्हणाला, "सदाशिवराव, तुमचा देश तं बुडाला. आता कुठचे म्हनाचं तुमाले?" मग किती तरी वर्षे त्या शब्दाचा अर्थ तंबूत राहणारे गरीब लोक असा झाला, आणि माझ्या फाटक्या बंडीवरून लोक हसत. पुढे विमाने पळवली गेली. गावातली पोरे चोर-शिपाई खेळताना चोराला 'पॅलेस्टाईन' म्हणू लागली, आणि मी रस्त्याने गेलो की लपायची. मग त्यांचा मोठा माणूस दिल्लीला येऊन गेला, सरकारने गळाभेट घेतली, तेव्हा सरपंचाने मला पंधरा ऑगस्टला खुर्ची दिली. गेल्या वर्षी दोन पुढाऱ्यांनी हात मिळवल्याचा फोटो छापून आला तर तानबाने फुकट चहा पाजला. म्हणाला, आता तुमचे राज्य येते.

म्हणजे मी इथे वांग्याला पाणी देतो आहे, आणि तिकडे काही घडले की इथे माझी किंमत खाली-वर होते. तू देवळीला बसून फक्त काकडी विकलीस.

त्या पोराला इकडे पाठव. एकदा तानबाच्या हॉटेलात बसून त्याने चार माणसांत सांगावे की हा म्हातारा खरेच तिथे होता. हल्लीचे लोक मानत नाहीत. तानबाचा नातू तर मला बघून म्हणतो, हे आजोबा नागपूरच्या पुढे गेले नाहीत. यामुळे मला झोप येत नाही. पाठवशील ना? की तेही तुला एकट्याला हवे?

सदाशिव

वडनेर
१९ मे १९९४

मनोहर,

पोरगा येऊन गेला. हर्षितने सांगितलेच असेल, पण तो पूर्ण वेळ तानबाच्या हॉटेलात टीव्हीवर मॅच बघत होता, म्हणून मी सांगतो.

मी सकाळपासून कोट घालून बसलो होतो. तुझी वहिनी म्हणाली, "एवढ्या उन्हात कोट काऊन घातला? लग्न हाय का?" मी वरचे बटणही लावले. पोरगा उतरला, सडपातळ, कपाळ मोठे. त्याने वाकून तिच्या पायाला हात लावला आणि वऱ्हाडीत म्हणाला, "काकू, मले भूक लागली." झाले. त्या क्षणापासून ती त्याची झाली. मला त्याने सलाम केला. पाया पडला नाही.

जेवण झाल्यावर मी त्याला हॉटेलात नेले. माणसे जमली होती, महादेवराव अडत्यासुद्धा हिंगणघाटहून आला होता. मी डेपोचे सांगितले, समुद्राचे सांगितले, डोंगराचे सांगितले. पोरगा मान डोलवत होता आणि मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. मग मी याकूबचे सांगितले. तुला आठवतो का तो? डेपोतला माझा जोडीदार, लॉरी चालवायचा, शनिवारी मात्र कामाला कुरकुरायचा, माझ्या वाट्याची सिगारेट घ्यायचा आणि मला चॉकलेट द्यायचा. मी म्हणालो, माझा पहिला पॅलेस्टिनी दोस्त तो.

पोरगा म्हणाला, "बाबा, ते याकूब ज्यू होते ना?"

"होय. पण पॅलेस्टिनीच. त्याच्या खांद्याच्या पट्टीवर लिहेल होतं. मी रोज पाहो."

"तवा लिहेल होतं," तो म्हणाला. "आता त्यायले कोनी तसं म्हनत नाई. ते सोताले म्हनत नाईत."

मला राग आला. माझा दोस्त कोण होता हे हा मला सांगणार? मी म्हणालो, बरे, मग अबू सलीम कोण होता? तो भाजीचा ठेकेदार, ज्याच्या शेतातले हे बियाणे. गाढवावर काकडीच्या पाट्या घालून आणायचा. त्याला मी दहा वेळा विचारले असेल, तू पॅलेस्टिनी का? तो दर वेळी डोंगराकडे बोट दाखवून आपल्या गावाचे नाव सांगायचा. बस, तेवढेच. मी पोराला म्हणालो, "ज्यानं सोताले पॅलेस्टिनी म्हटलं तो तुह्या हिशेबानं नाई. अन् ज्यानं कधीच म्हटलं नाई, तो हाय. हे कसं काय?"

महादेवराव हसला. पोरगा हसला नाही. कपाची कड पुसत बसला आणि मग म्हणाला, "बाबा, तवा त्याचं गाव होतं ना. गाव असलं तं देशाचं नाव कोन सांगते?"

सगळे गप्प झाले. मला ते गप्प होणे सोसले नाही, कारण ते त्याच्यासाठी होते. पन्नास वर्षे मी बोललो, पण असे कोणी गप्प झाले नाही. म्हणून मी विचारले, "तू गेलता का तिथं?"

तो म्हणाला, नाही. जन्म कुवेतचा. तिथली लढाई झाल्यावर त्यांच्या लोकांना घालवून दिले, तेव्हापासून आईबाप आणि आजी अम्मानला. पासपोर्टही तिथलाच, म्हणजे तिसऱ्याच देशाचा. ज्या गावचे म्हणवतात ते लिद गाव आजीने सोडले, तेव्हा त्याचा बाप कडेवर होता.

मी म्हणालो, "मंग तुह्यापेक्षा मीच जास्त पॅलेस्टाईनवाला झालो की बावा." लोक हसले, तानबा तर टेबल बडवून हसला. मनोहर, त्या हसण्याने मला जरा बरे वाटले, हे तुझ्याजवळ कबूल करतो. पण पोराने माझा हात धरला आणि विचारले, "लिद पाह्यलं का तुमी?"

लिदला आमची गाडी बदलायची. एक दुपार मी त्या स्टेशनवर काढली. एवढे बोललो मात्र, त्याने सोडलेच नाही. फलाट कुठल्या बाजूला होता, झाडे कशाची होती, संत्री विकणाऱ्या बायका कुठून यायच्या, गाव दिसत होते का. मी सांगत गेलो. माणसे उठून गेली, तानबाने भट्टी विझवली, तरी तो विचारतच होता. शेवटी म्हणाला, "नळाचं पानी गोड होतं का?" मी गोड म्हणालो. खरे सांगतो, मला आठवत नाही. पाणी प्यायलो की नाही हेही आठवत नाही. पण तो माझ्याकडे असा बघत होता, जसे मी काही तरी खाल्ले आहे आणि त्याला दिले नाही.

माझ्याकडे आजवर कोणी हेव्याने बघितले नव्हते. मला वाटायचे, ते फार गोड असेल.

घरी आल्यावर तुझी वहिनी म्हणाली, "तुमी दोन वर्षं राह्यले अन् पन्नास वर्षं सांगून राह्यले. त्याचं सारं खानदान तिथलं, तो एकदाच बोलला." एवढे बोलून तिने त्याला लोणच्याची बरणी बांधून दिली. ती मोठी बरणी.

आणि बसमध्ये चढताना तो काय म्हणाला माहीत आहे? "चलतो बाबा. आता घरी जातो." घरी म्हणजे देवळीला. तुझ्याकडे. हे तू त्याला शिकवलेस का?

सदाशिव

वडनेर
२१ जून १९९७

मनोहर,

पोराची परीक्षा झाली आणि तो परत जाणार, तू त्याच्यासाठी पंगत ठेवली आहेस, असे नत्थूकडून कळले. तुझे बोलावणे दोन दिवसांनी आले. आधी नत्थूला कळते आणि मग मला, ही तुझ्या घरची रीत झाली आहे. मी येणार नाही. गुडघा सुजला आहे. तुझी वहिनी येईल. ती ऐकतच नाही, कालपासून शेवया बांधते आहे.

तीन वर्षांत पोरगा माझ्याकडे चार-पाचदा येऊन गेला असेल. तुझ्याकडे दर रविवारी. मी मोजत नाही, पण नजरेस येते.

नत्थू सांगत होता की तू त्याला काकडीचे मूठभर बियाणे पुडीत बांधून देणार आहेस. दे. मीही तुझ्या वहिनीबरोबर पाठवतो आहे. माझे किती आहे ते बघू नकोस, आणि कुंताबाईलाही पुडके उघडू देऊ नकोस. त्याला एवढेच सांग की वडनेरचे बियाणे मूळचे आहे. वेलीवर चिंधी बांधून राखलेल्या काकडीचे. देवळीचे बियाणे वडनेरवरून गेलेले आहे, हेही सांग. तू सांगणार नाहीस, म्हणून तुझ्या वहिनीला पाठ करून घ्यायला लावले आहे.

यंदा मी काकडी लावणार नाही. गुडघ्यामुळे. दुसरे काही कारण नाही. विहिरीलाही पाणी कमी आहे.

त्याला म्हणावे, पोचल्यावर कळव. पत्ता माझाही दे.

सदाशिव

वडनेर
१४ एप्रिल २००२

मनोहर,

पाच वर्षांनी लिहितो आहे. तूही लिहिले नाहीस, म्हणून हिशेब सारखा आहे. अक्षर वाकडे येते, मोतीबिंदूचे एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याची भीती वाटते.

टीव्हीवर रोज तिकडचे दाखवतात. रणगाडे, पडलेली घरे, बसमध्ये उडवलेले बॉम्ब. डॉक्टरने मला कंबरेला पट्टा दिला आहे. परवा हॉटेलात गेलो तर तानबाचा नातू ओरडला, "सरका रे, आजोबाच्या कंबरेले बांधेल हाय, दाबलं तं आपन सारे गेलो!" सगळे हसले. मीही हसलो, न हसून काय करतो? पण घरी येऊन पट्टा काढून ठेवला. आता पाठ धरून बसलो आहे.

मी लिहितो ते यासाठी नाही. महादेवरावाकडून कळले की तुझा हर्षित आता 'देवळी काकडी' म्हणून ओरडतो. गिऱ्हाईक बिचकते म्हणून महादेवरावानेच सल्ला दिला म्हणे. अडत्याचे सोड, त्याने उद्या कांद्याला आंबा म्हणायला सांगितले तर तेही म्हणाल. पण तुला काही वाटले नाही? चांगले दिवस होते तेव्हा ते नाव माझ्या घरातून उचलून नेलेस. आता त्याला चटका बसतो तर वाटेत टाकून दिलेस. मी ते अठ्ठेचाळीस साली टाकले नाही, विमानांच्या वेळी टाकले नाही, आता ऐंशीच्या घरात टाकीन का? माझ्याकडे काकडी असती तर मी त्याच नावाने विकली असती, एकही गेली नसती तरी.

म्हणजे यंदाही लावलेली नाही. तब्येतीमुळे.

त्या पोराचा फोन येतो का? मी विचारत नाही. तुझी वहिनी विचारते. टीव्हीवर रडणारी माणसे दाखवली की ती जवळ जाऊन एकेकाचे कपाळ बघते. मी म्हणतो, तो तिथे नाही, अम्मानला आहे, तो कधी तिथे गेलाच नाही. ती म्हणते, तरी. तुझ्याकडे फोन आहे, आमच्याकडे नाही, म्हणून तो तुलाच करणार, हे मला समजते. एका ओळीत कळव. कार्ड उघडे पाठवलेस तरी चालेल.

सदाशिव

वडनेर
६ फेब्रुवारी २००५

मनोहर,

काल तू अकरा वर्षांनी माझ्या ओसरीवर बसलास आणि मी तुझ्याशी धड बोललो नाही. तू सांगत होतास आणि मी मधेच म्हशीला पाणी दाखवायला उठून गेलो. म्हैस प्यायलेली होती. परत आलो तर तू चहा संपवून बसकडे निघाला होतास. तुझी वहिनी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. म्हणून लिहितो. तोंडाने मला जमत नाही, तुला माहीत आहे.

तू जे सांगितलेस ते मी रात्रभर घोळवले. बरोबर ऐकले का ते बघतो. मुनीरचा फोन आला. इतकी वर्षे नोकरीसाठी देशोदेशी फिरला, बियाणे त्याच्या आईने डब्यात ठेवले होते. आता तो अम्मानला परतला, लग्न झाले, मुलगी झाली. गच्चीवर टबात त्याने काकडी लावली. पहिली काकडी आजीसमोर ठेवली. आजीला आता नीट दिसत नाही. तिने वास घेतला, चावून बघितली आणि म्हणाली, ही आपल्याकडून गेलेली आहे, पण आपली नाही. हिला दुसरी माती लागली आहे. कुठली ही? मुनीर म्हणाला, वडनेरची.

आता त्या अख्ख्या इमारतीत तिला वडनेरी म्हणतात. जिन्यातली पोरे 'वडनेरी द्या' म्हणून दार वाजवतात.

मी पाणी दाखवायला का उठलो ते आता तुला कळले असेल.

मनोहर, एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. फोन तुझ्या घरी आला. ऐकणारा तू एकटा. तू मला येऊन 'देवळीची' म्हणाला असतास, तर मला कुठून कळले असते? किंवा काहीच सांगितले नसतेस तरी मी काय करणार होतो? तुझ्या जागी मी असतो तर देवळीचीच म्हणालो असतो. खात्रीने म्हणालो असतो, आणि वर चार माणसांत सांगितले असते. तू बस बदलून, गुडघ्यांवर हात ठेवून उतरलास आणि माझे मला आणून दिलेस. मी सबंध वेळ एवढाच विचार करत होतो की फोन माझ्याकडे का आला नाही.

पोरगा हॉटेलात म्हणाला होता, गाव असले तर देशाचे नाव कोण सांगतो. तेव्हा ते मला लागले होते. मी जन्मभर वडनेरात बसून दुसऱ्यांच्या देशाचे नाव सांगत राहिलो, आणि ज्याला गाव नाही तो तिकडे माझ्या गावाचे नाव सांगतो आहे. आता तो कोण आणि मी कोण, हे त्या आजीला विचारायला हवे. मला सुटत नाही.

आता कामाचे. माझ्याकडे काकडीचे बियाणे नाही. सत्त्याण्णव सालापासून एक दाणाही नाही. तू मूठभर देणार असे कळले, म्हणून मी मडके उलटे करून होते नव्हते तेवढे पुडक्यात भरले. तुझ्यापेक्षा जास्त भरले पाहिजे, एवढेच डोक्यात होते. पुढच्या सालासाठी ठेवायचे असते हे लहानपणापासून माहीत असून ठेवले नाही. गुडघ्याचे, विहिरीचे, तब्येतीचे जे लिहिले ते सगळे त्यावरचे पांघरूण होते. तुझी वहिनी आठ वर्षे हे जाणून आहे. एकदाही बोलली नाही. तेच जास्त लागते.

मूठभर बियाणे दे. नत्थूच्या हाती पाठवू नकोस, तो गावभर सांगेल की सदाशिवराव देवळीचे बियाणे मागतात. तू स्वतः घेऊन ये. विहिरीजवळ मी दोन वाफे काढून ठेवतो. बाजारात काय नावाने ओरडायचे ते हर्षित आणि तू ठरवा. मी बसलेल्या जागेवरून पॅलेस्टाईनच म्हणणार आहे, पण हळू म्हणेन.

मुनीरचा परत फोन आला तर त्याला सांग, लिदच्या नळाचे पाणी गोड होते की नाही ते मला आठवत नाही. तेव्हा मी उगाच सांगितले. आजीला विचार म्हणावे, आणि ती काय म्हणते ते मलाही कळव.

येताना कुंताबाईला आण. रविवारी ये, पोरगा यायचा त्या दिवशी.

अनेक उत्तम आशीर्वाद. मागच्या सगळ्या पत्रांतले धरून.

तुझा दादा,
सदाशिव